पाव्हण्याची बोली

बी.ए. होऊन मी लहान पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावते, ही गोष्ट आमच्या घोटावड्यात बरेच दिवस चेष्टेची होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीपुढं गेलेलं नव्हतं. मी पुण्याला मामाकडं राहिले, कॉलेज केलं, पदवी घेतली. आता ही कचेरीत खुर्चीवर बसणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी गेले ती पौडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या एका दोनशिक्षकी शाळेत, पहिली-दुसरी शिकवायला. पिठाच्या गिरणीवर एका बाईनं आईला विचारलं, "एवढं शिकून पोरगी फिरून अ-आवरच आली म्हना की." आई पीठ झटकत म्हणाली, "आली न्हाई. तिला पगार दिऊन बोलावलंया."

हा ताठा मला आईकडूनच आला असावा. तो मी कधी लपवला नाही आणि या वयात लपवणारही नाही. मागं पडलेल्या मुलांना कसं शिकवायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ट्रेनिंगला जे सांगितलं ते पुढच्या रांगेसाठी होतं. मागच्या रांगेचं मी माझ्या डोक्यानं शोधून काढलं. एका धनगराच्या पोरीनं त्यात मोठा वाटा उचलला, तो मात्र मान्य करायला हवा.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद नुकतीच आली होती, पण गावात कोणी परिषदेची शाळा म्हणत नसे, बोर्डाचीच म्हणत. एक लांबोडी खोली, कौलारू. मधे भिंत नाही. एका टोकाला हेडमास्तर तिसरी-चौथी घेत, दुसऱ्या टोकाला मी पहिली-दुसरी. गुरुजींनी तिकडून प्रश्न विचारला की माझ्या दुसरीतला एखादा इकडून उत्तर देऊन मोकळा होई. गुरुजी मूळचे पुण्याचे, निवृत्तीला आलेले, टोपी पांढरीशुभ्र. माणूस सरळ. पाढ्यांत आणि शुद्ध बोलण्यात त्यांचा जीव होता. 'न' आणि 'ण' यांत कोणी गोंधळ केला, तर त्यांच्या चेहऱ्यावर दात दुखल्यासारखी कळ दिसायची.

आमच्याकडं मुलं दोन प्रकारची असत, पक्की आणि कच्ची. पक्की पुढं, फळ्याजवळ. कच्ची मागं, भिंतीला टेकून, जिथं पाण्याचा माठ आणि गुंडाळलेली बस्करं ठेवलेली असत. तपासणीला दिपोटी आले की ते पुढंच उभे राहतात, म्हणून ही व्यवस्था. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. हुद्द्याचं नाव बदललं होतं, पण लोकांच्या तोंडी दिपोटीच राहिलं होतं. एकदा पोर मागं गेलं की त्याला कोणी प्रश्न विचारत नसे, आणि प्रश्न नाही म्हणजे ते आणखी कच्चं राही. मी रुजू झाले त्या दिवशी गुरुजींनी मला रांगा दाखवल्या आणि मागच्या रांगेबद्दल म्हणाले की हे डोंगरातले ठोंबे आहेत, त्यांना बसवून ठेवलं तरी पुरे.

मला ते पटलं नाही. पण वर्ग सोडून त्यांना वेगळं शिकवायचं तर वेळ आणायचा कुठून? एकच जागा होती. त्या काळी रोज एक तास सूतकताईचा असे. सगळी पोरं टकळ्या घेऊन बसत, खोलीभर गिरगिर आवाज, आणि जमलेल्या सुताच्या लड्या तपासणीच्या वेळी साहेबांपुढं मांडायच्या. मी गुरुजींना म्हटलं, त्या तासाला मागची रांग मला द्या.

"आणि सूत कमी पडलं तर?"

"त्यांच्या वाटचं मी घरी कातून देईन."

गुरुजी हसले. "बी.ए.ची टकळी," म्हणाले. पण त्यांनी तास दिला. मी संध्याकाळी खोलीवर बसून खरंच कातायची, आणि आमच्या मागच्या रांगेचं सूत पुढच्या रांगेपेक्षा बारीक निघायचं. याला कोणाला लबाडी म्हणायची असेल तर म्हणो.

कामाची माझी पद्धत साधी होती. पोराला काय येत नाही हे सगळी शाळा सांगत होती. मी आधी काय येतं ते बघायचं ठरवलं. एकेकाला जवळ घेऊन बसायची. समोर पाटी, थोडे चिंचोके, थोडे हिरडे. हिरडे डोंगरातली पोरं स्वतःच वेचून आणायची. प्रत्येकाची गाठ वेगळ्या ठिकाणी बसलेली होती आणि ती बाहेरून दिसत नव्हती. एका पोराला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. त्याला नुसता उचलून पुढं बसवला, तो चार दिवसांत वाचायला लागला. त्याला कच्चा ठरवून भिंतीशी बसवलं होतं, म्हणजे फळ्यापासून आणखी लांब. दुसरा एक जण अंकांत नापास व्हायचा. हिरड्यांची रास त्याच्यापुढं ओतली तर त्यानं वीस-वीसचे ढीग झरझर लावले आणि म्हणाला, "तीन इसा." इसा म्हणजे वीस. त्याच्या घरी सगळं विसांनीच मोजायचे. त्याला साठ कळत होते, फक्त साठाचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. नावं सांगितली, काम झालं.

अशी एकेक गाठ सुटत गेली की मला मोठं सुख व्हायचं. पण एक गाठ सुटेना.

ती पोरगी वरच्या धनगरवाड्यातली. शाळेपासून चढण चढून तासाभराची वाट. रोज सकाळी दुधाच्या कामाला हातभार लावून ती खाली यायची, परकराचा ओचा खोवलेला, पायात काही नाही. पहिलीत तिचं तिसरं वर्ष होतं. बरोबरच्या पोरी वर निघून गेल्या आणि ही इतकी उंच झाली की पहिलीच्या पोरांत बसली तर त्यांची मावशी वाटायची. दिवाळीनंतर तिचा बाप शाळेच्या दारात आला. उंच, काळा, खांद्यावर घोंगडी. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

"बाई, पोरगी पयलीतच बसलीया. तवर आमच्याकडं रेडीची म्हस झाली."

मी म्हटलं, या वर्षी जाईल वर.

"मागल्या साली गुरुजी बी ह्येच म्हनलं हुतं. मी काय भांडाया आलो न्हाई. ह्या बारीला न्हाई गेली तर मग ऱ्हाऊ दे. म्हशींमागं मानूस लागतंय. हितं बसून तिचं पाय वाढत्यात नुसतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळंच ते पक्कं होतं. परीक्षेला चारेक महिने उरले होते. ती पास झाली तर शाळा, नाही तर म्हशी. मी त्याला ठाम सांगितलं, "ही दुसरीत जाणार. मी सांगते." पलीकडच्या टोकाला गुरुजींनी नकारार्थी मान हलवली, ती मी पाहिली.

गुरुजींचं तिच्याबद्दलचं मत ठरलेलं होतं. ही पोर वाचत नाही, चित्र बघून काहीतरी ठोकून देते. आणि ऐकणाऱ्याला खरंच तसं वाटायचं. पुस्तकात असायचं, 'गाय आहे. गाय चरत आहे.' ती वाचायची, "गाय हाय. गाय चरतीया." दोन शब्दांच्या जागी एक. गुरुजी छडी आपटून म्हणायचे, "कुठं लिहिलंय चरतीया? दाखव." ती पुन्हा 'चरत आहे'वरच बोट ठेवायची. तिथंच नापास.

मी सूतकताईच्या तासाला तिला समोर बसवलं आणि चित्रावर तळहात ठेवला. म्हटलं, आता वाच. तिनं वाचलं, "गाय हाय. गाय चरतीया." चित्र झाकलेलं असताना. मी 'आहे'वर बोट ठेवलं.

"हे पहिलं अक्षर कुठलं?"

"आ."

"आणि हे?"

"हे."

"मग दोन्ही मिळून?"

"हाय," ती म्हणाली. आणि माझ्याकडं असं बघितलं, की यात विचारण्यासारखं काय आहे.

मी पाटी घेतली. पुस्तकात नसलेलं वाक्य लिहिलं आणि मुद्दाम जोडाक्षर घातलं. 'म्हैस चरत नाही.' पाटी तिच्यापुढं धरली. जोडाक्षरापाशी ती थांबली, ओठ हलवले, मग म्हणाली, "म्हस चरंना." आणि मान वर करून काळजीनं विचारलं, "का वं बाई? प्वाट फुगलंय?"

मला हसू आवरेना. माझी हुशारी अशी, की मी तीच पाटी लगेच पुढच्या रांगेत नेली. तिथं गुरुजींचा लाडका एक पोरगा होता, सगळं पुस्तक घडाघडा म्हणणारा. त्यानं पाटी पाहिली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "म्हैस चरत आहे." पुस्तकातली सगळी वाक्यं 'आहे'वर संपत होती, तेव्हा हेही तिथंच संपणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं. पक्क्या पोरानं अक्षरांकडं बघितलंच नाही. कच्च्या पोरीनं अक्षरं वाचली, अर्थ लावला, तो आपल्या बोलीत आणला आणि म्हशीची चौकशीसुद्धा केली. एवढं सगळं ती एका दमात करत होती आणि आम्ही तिला नापास करत होतो.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, वाचणं म्हणजे लिहिलंय ते वाचणं. मनातलं नव्हे. उद्या ही शेताचा कागद वाचायला लागली, तर आपल्या मनचं वाचून चालेल का?"

त्यांचं निम्मं खरं होतं. निम्मं खरं असलेल्या माणसाशी वाद घालायला मला आवडतं, पण तेव्हा घालून उपयोग नव्हता. परीक्षा दिपोटी घेणार होते आणि त्यांच्या कानाला 'हाय' चालणार नव्हतं. तिला वाचता येतं हे मला कळलं होतं. ते आता दुसऱ्याला ऐकू यायला हवं होतं.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं. म्हण, आहे. पुन्हा म्हण, आहे. ती माझ्याबरोबर म्हणायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा हाय. आठवडाभर हे केल्यावर भलतंच घडायला लागलं. ती घाबरून एकेक अक्षर सुटं वाचू लागली. आ. हे. च. र. त. आणि शेवटी विचारलं की काय वाचलंस, तर सांगता येईना. म्हणजे जे येत होतं तेही मी घालवायला निघाले होते. ते मी ताबडतोब बंद केलं. औषधानं दुखणं वाढलं तर औषध टाकून द्यावं, त्यात मानापमान कसला.

मला माझंच कॉलेज आठवत होतं. पहिल्या वर्षाला प्राध्यापकांनी काही विचारलं आणि मी उभी राहून बोलता बोलता 'न्हाई' म्हणून गेले. सगळा वर्ग हसला. मी रडले बिडले नाही. मामाच्या चाळीत आमचंच बोलणं चालायचं आणि कॉलेज नदीच्या पलीकडं होतं. मी मनाशी ठरवलं, पूल ओलांडला की तिकडचं बोलायचं, परत येताना पूल ओलांडला की आपलं. काही महिन्यांत दोन्ही जिभेवर बसलं, आणि मराठीच्या पेपरात मला त्या हसणाऱ्यांपेक्षा जास्त गुण पडले. आपलं बोलणं मी टाकलं नाही, फक्त कुठं काय बोलायचं ते शिकले. पण डोंगरातल्या पोरीला पूल कुठला दाखवायचा, ते सुचत नव्हतं.

एका रविवारी मी धनगरवाड्यावर गेले. पोर राहते कशी ते बघावं, एवढाच विचार. चढून चढून दम लागला. चार-पाच खोपटी, शेणानं सारवलेली अंगणं, गोठ्यात रेडकं. बापानं घोंगडी अंथरली. मी बसते तोच ती तांब्या घेऊन आली. परकर नीट केलेला, मान सरळ. तांब्या पुढं करून म्हणाली, "पाणी घ्या, बाई. दमलात का?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. पाणी. चांगला ठसठशीत 'ण'. वर्गात हीच पोरगी माठाकडं जाताना रोज "पानी प्याला जाऊ?" म्हणायची.

मी बापाला विचारलं, हिला असं बोलायला कोणी शिकवलं. तो जरा फुशारून म्हणाला की पिरंगुटाकडची, कधी पुण्याची माणसं तूप न्यायला वर येतात. "पाव्हन्याम्होरं रानातलं बोलून चालंल का? पोरास्नी बारकंपनापासनं सांगितलंया. पाव्हना आला की पाव्हन्यासारखं बोलायचं."

झालं. पूल त्यांच्या अंगणातच होता. उतरताना मला चढणीचा शीण आठवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सूतकताईच्या तासाला मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "हे पुस्तक आहे ना, हा पाव्हणा. पुण्याहून आलाय."

तिनं पुस्तक उलटून मागची बाजू बघितली.

"मग पाव्हण्याशी कसं बोलतेस तू?"

ती लाजली. मग परकर पायांवर नीट ओढून घेतला, मान सरळ केली आणि तांब्या पुढं करतानाच्या त्या आवाजात वाचलं, "गाय आहे. गाय चरत आहे."

मी पाठ थोपटली नाही. लगेच पुढचं विचारलं, कारण तेच जास्त महत्त्वाचं होतं. "आता तुझ्या बाला जाऊन सांग, पाव्हणा काय म्हणाला?"

"गाय चरतीया म्हनला."

हीच पुढं माझी पद्धत झाली. आधी पाव्हण्याच्या बोलीत वाचायचं, मग घरच्या बोलीत सांगायचं. एक टप्पा गाळायचा नाही. नुसतं पाव्हण्याचं बोलणं म्हणजे पोपट, नुसतं घरचं म्हणजे नापास. मागच्या सगळ्या रांगेला मी हे लावलं. पोरांना त्याची अशी गंमत वाटायला लागली की वाचताना कोणी टोपी नीट करायचा, कोणी नाक पुसून घ्यायचा. इसा मोजणारा पोरगा एकदा म्हणाला, "बाई, ह्यो पाव्हना येडाच हाय. गाय चरतीया, येवढं सांगाया पुन्यास्नं आला." सगळी रांग लोळली. मीही हसले. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी ते ऐकायला हवं होतं.

गुरुजींना हा प्रकार पसंत नव्हता. साहेबांसमोर एखादं पोर पुस्तकाला पाव्हणा म्हणालं तर काय, अशी त्यांना धास्ती. मी म्हटलं, मी आहे ना. पण पोरगी सुधारते आहे, हे त्यांच्या कानाला कळत होतं. एकदा तिचं वाचन चालू असताना ते तिसरीला गणित घालून आमच्या टोकाला आले आणि ऐकत उभे राहिले. ती एका ओळीत घसरली, 'न्हाई' म्हणाली, थांबली, स्वतःच मागं जाऊन 'नाही' म्हणाली. गुरुजी परत गेले. त्या दिवशी छडी आपटल्याचा आवाज आला नाही.

तपासणी उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. गुरुजींनी शाळा सारवून घेतली, सुताच्या लड्या टेबलावर मांडल्या. आदल्या दिवशी त्यांनी दारासमोर एक खांब पुरून त्यावर नवी पाटी लावली होती. तालुक्याच्या रंगाऱ्याकडून काळ्यावर पांढरं लिहून आणलेली. साहेबांनी येता येता वाचावी, हा हेतू. साहेब आले, पाटीजवळून गेले, त्यांनी वाचली नाही. कोट, छत्री, चष्मा. चेहरा कंटाळलेला. दिवसाची ती त्यांची दुसरी शाळा होती.

साहेबांच्या चहासाठी गुरुजींनी धनगराला दूध सांगितलं होतं. तो दुधाची चरवी घेऊन आला, ती चौथीच्या पोराकडं दिली, आणि गेला नाही. दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा राहिला. आज निकाल लागणार, हे त्याला ठाऊक होतं.

साहेबांनी सूत चिमटीत धरून पाहिलं आणि मागच्या रांगेच्या लड्या बघून शाबास म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मग पहिलीचं वाचन सुरू झालं. पुढची रांग घडाघडा सुटली. शेवटी ही उभी राहिली. साहेबांनी तिच्याकडं खालून वर बघितलं, मग हजेरीपत्रकाकडं. तिसरं वर्ष. पुस्तक उघडून दिलं.

तिनं ओचा सोडून परकर नीट केला. तिनं वाचायला सुरुवात केली आणि पान संपेपर्यंत कुठं अडली नाही. आहे, नाही, पाणी, सगळं पाव्हण्यासारखं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. "तीन वर्षं एकच पुस्तक," ते गुरुजींना म्हणाले. "पाठ झालंय हिचं. भिंतीलाही झालं असेल."

दारातला माणूस सरळ उभा राहिला. निघायच्या बेतात असल्यासारखा.

मी पुढं झाले. साहेबांसमोर विचारल्याशिवाय बोलायची रीत नव्हती, पण मी बोलले. "साहेब, तिनं कधी न पाहिलेलं काहीही द्या. तुम्ही निवडा."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. त्यांना ते फारसं आवडलं नसावं. त्यांनी टेबलावर नजर फिरवली, खिसे चाचपले, मग दारातून बाहेर बघितलं. छत्रीच्या टोकानं नव्या पाटीकडं बोट केलं. "ते वाच."

ती दारापर्यंत गेली. बापाच्या शेजारी उभी राहिली. पाटी अजून कोणीच धड वाचलेली नव्हती. तिनं ओठ हलवले. पहिल्याच शब्दाच्या जोडाक्षरावर अडखळली. "शाळे... शाळेच्या," ती म्हणाली. मग एकेक शब्द सोडवत, पण स्वच्छ, "आवारात... जनावरे... बांधू... नयेत."

साहेब काहीतरी म्हणणार, तेवढ्यात ती बापाकडं वळली आणि दबक्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणाली, "बा, तट्टू सोड की. हितं बांदायचं न्हाई म्हंत्यात."

तेव्हा आमच्या सगळ्यांचं लक्ष गेलं. त्या नव्याकोऱ्या खांबालाच, पाटीच्या बरोबर खाली, धनगराचं तट्टू बांधलेलं होतं आणि शेपटीनं निवांत माशा वारत होतं. खांब दिसला म्हणून त्यानं बांधलं. खांब आणखी कशासाठी असतो?

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. गुरुजींच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग साहेब हसताहेत हे पाहून तेही हसले. बाप मात्र हसला नाही. तो मुकाट्यानं बाहेर गेला, दावं सोडलं आणि तट्टू हातात धरून तिथूनच पोरीला विचारलं, "मग कुटं बांदू?"

तिनं पाटीकडं पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. "त्ये न्हाई लिवलं."

साहेबांनी टाक घेतला आणि हजेरीपत्रकावर तिच्या ओळीत पास लिहिलं. गुरुजींना म्हणाले की हिला वाचता येतं. गुरुजी म्हणाले, "हो साहेब. बाईंनी करून घेतलं." हे वाक्य त्यांनी खणखणीत, दोन्ही टोकांच्या वर्गांना ऐकू जाईल असं म्हटलं. त्याबद्दल मी त्यांना कायम मानलं. जूनपासून त्यांनी आपल्या तिसरीतली दोन पोरंही सूतकताईच्या तासाला माझ्याकडं पाठवायला सुरुवात केली, आणि मी त्यांच्याही वाटचं सूत कातलं.

साहेब चहाला बसले तशी मी बाहेर आले. तो अजून तट्टू धरून उभा होता. मी सांगितलं, गेली तुमची पोरगी दुसरीत. त्यानं मान हलवली. ते त्याला आधीच कळलं होतं. मी विचारलं, म्हशींचं काय?

"म्हशींचं बघू," तो म्हणाला. "तिच्या धाकट्याला लावू का मी जाऊ, त्ये घरचं हाय." मग जरा घोटाळला. हातातलं दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "बाई, दुसरीचं पुस्तक कुटं मिळतंय?"

पौडला, मी म्हटलं. पण शाळा जूनमध्ये, आत्ता घाई नाही.

त्यानं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पोरीला हाक मारून तट्टूवर बसवलं आणि डोंगराकडं न वळता तो पौडच्या रस्त्याला लागला.